कॅप्टन लेनाचा आवाज

भाईंदर पूर्व
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

निशा,

जय भीम. तुझा घसा कसा आहे? आधी याचं उत्तर दे, बाकीचं पत्र नंतर वाचलंस तरी चालेल.

शुक्रवारी संध्याकाळी मी समोरच्या नीलेशकडे गेलो होतो. गॅसची नळी बदलायला झाली की नाही ते त्याला विचारायचं होतं. त्याच्या टीव्हीवर ती 'कक्षेबाहेर' लागली होती. मी ती मालिका बघत नाही. पण कॅप्टन लेना बोलायला लागली आणि मी नळी हातात धरून दारातच उभा राहिलो. तो आवाज तुझा नव्हता.

नीलेश म्हणाला, "काका, आत या ना. काय झालं?"

मी विचारलं, "ही कोण बोलतेय?"

"कोण म्हणजे? कॅप्टन लेना. अंतराळातली."

"ही ती नाही."

तो हसला. त्याला वाटलं माझ्या कानाचा दोष. डावा कान माझा गेलाच आहे, एकतीस वर्षं स्टीलची भांडी पॉलिश करायच्या मशीनसमोर उभं राहिल्यावर दुसरं काय होणार. पण उजवा चांगला आहे. ती गोरी बाई नुसते ओठ हलवते आणि तिचं मराठी तू बोलतेस, हे नीलेशला माहीत नाही. मी इमारतीत कुणाला सांगितलेलं नाही.

शेवटी नावं पळतात त्यात मराठी आवाज कुणाकुणाचे ते येतं. नीलेशला मोबाइलवर तो भाग परत लावायला सांगितला आणि ती पाटी थांबवली. लेनापुढे तुझं नाव नव्हतं. स्वाती असं नाव होतं. मी चष्मा पुसून दोनदा वाचलं.

तेव्हापासून मनाला चैन नाही. काम सोडलंस का? कुणी काढलं का? की आजारी आहेस? सर्दी असती तर माणूस आठ दिवस थांबतो, बाई बदलत नाहीत.

पत्ता वैजयंतामावशीने दिला. "मी दिला असं सांगू नका," म्हणाली होती. मी सांगून टाकलं, पण तिच्यावर रागावू नकोस. निशा कशी आहे, असं मी विचारलं तर ती फोनवर गप्प झाली. मग म्हणाली, "दाजी, तुम्हीच विचारा की तिला." तुझा नंबर मात्र दिला नाही. तिच्या गप्प होण्यानेच मी जास्त घाबरलोय.

पत्र रजिस्टर करत नाही. तू घरी नसलीस तर सही कोण करणार, आणि मग ते परत येणार. पिन कोड मावशीला दोनदा विचारून घेतलाय.

सहा वर्षांनी लिहितोय त्याचं कारण एवढंच. दुसरं काही नाही. दोन ओळी टाक. नुसतं "बरी आहे" लिहिलंस तरी पुरे.

पप्पा


रविवार, २३ नोव्हेंबर

निशा,

तुझं उत्तर आलं नाही. पोस्टमनला विचारलं तर तो म्हणाला, "काका, पत्र पोचायलाच आठवडा लागतो आजकाल." मी दोन आठवडे धरले. आज ते संपले.

मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. ती मालिका मी बघतो. पहिल्या भागापासून बघतोय. नीलेशकडे मी त्या दिवशी गेलो ते नळीसाठी नव्हे. माझ्या टीव्हीवर तो आवाज ऐकला आणि वाटलं आपलाच टीव्ही बिघडला असेल, म्हणून नळी हातात घेऊन त्याच्याकडे गेलो. माणूस रिकाम्या हाताने गेला तर शेजारी विचारतात.

आणि मी एका ग्रुपमध्ये आहे, तेही सांगून टाकतो. 'कक्षेबाहेर मीरा-भाईंदर' असं त्याचं नाव. तीन वर्षं झाली. केबिन रोडला दिपेशचं मोबाइलचं दुकान आहे, तिथे फोनची काच बदलायला गेलो होतो. त्याच्या दुकानात तू बोलत होतीस. म्हणजे लेना बोलत होती. मी तिथेच उभा राहून पूर्ण भाग बघितला. दिपेश म्हणाला, "काका, आप भी फॅन?" काय सांगणार? "हो," म्हणालो. त्याने तिथल्या तिथे मला ग्रुपमध्ये टाकलं. साठ-पासष्ट माणसं आहेत. मला बारीक अक्षरं टाइप होत नाहीत, मी आवाज रेकॉर्ड करून पाठवतो.

फार भांडतात गं ही माणसं. डॉक्टर ओरिनचं काम करणारा जुना नट गेला आणि नवा आला तेव्हा दोन महिने नुसती हाणामारी. राई गावचा धाकू जुन्या नटाच्या बाजूचा. पूर्वी बोटीवर जायचा, आता रिक्षा आहे त्याची. तो म्हणायचा, "त्या नव्या डॉक्टरला सुई धराया येत न्हाय, लेनाशी लगीन कसा करल?" शांती नगरच्या गिरिजाबाई शाळेत विज्ञान शिकवतात. त्या नव्याच्या बाजूच्या. "धाकूदादा, नव्याला निदान अभिनय येतो. जुना नुसता केस उडवायचा." मी कुणाच्याच बाजूचा नव्हतो. ओरिन कुणीही असो, लेना त्याच्याशी बोलतेय ना, मग झालं.

आता ऐक काय झालंय. मागचं पर्व संपताना लेना त्या मेलेल्या ग्रहावरच्या गुहेत जाते, आठवतंय ना? तूच बोललीस ते. गुहेत तो प्राणी असतो, जो येईल त्याची हुबेहूब नक्कल करणारा. नवं पर्व सुरू झालं, लेना बाहेर आली, आणि आवाज वेगळा. सात तारखेलाच धाकूने ग्रुपवर बोंब मारली.

"ती बाय ती न्हाय! गुहेत गेली ती येगली, बाहेर आली ती येगली. आवाज आयकला का कुनी?"

दिपेश म्हणाला, "एकदम सही पकडा. क्लोन है. लिखके देता हूँ."

गिरिजाबाई म्हणाल्या, "अहो, मराठीत बोलणारी बदलली असेल. मी इंग्रजीत बघितलं. तिथे आवाज तोच आहे."

तर दिपेश काय म्हणाला माहितीये? "मॅडम, हिंट सिर्फ मराठी में दिया है. इंग्लिशवालों को लास्ट में पता चलेगा."

सगळे त्याच्या बाजूने झाले. मला खरं काय ते माहीत होतं. मी एक शब्द बोललो असतो तर तिथेच मिटलं असतं. पण सांगायचं तर तू माझी कोण, तेही सांगावं लागलं असतं. मी रेकॉर्डचं बटण दाबलं आणि भलतंच बोलून गेलो. म्हणालो, "मी नऊ वर्षं हा आवाज ऐकतोय. ही नक्कल आहे. खरी लेना कुठेतरी अडकून पडली आहे. तिच्याकडे कुणीतरी गेलं पाहिजे."

चाळीसच्या वर लोकांनी अंगठे दाखवले. "काका बोले मतलब फायनल," असं दिपेशने लिहिलं. आता सगळा ग्रुप शुक्रवारची वाट बघतो, खरी लेना कधी सुटणार म्हणून. आणि मीही बघतो. मला माहीत असून बघतो. मागच्या शुक्रवारी तिने तोंड उघडेपर्यंत मला वाटत होतं की आज तू असशील.

तुला काय झालंय ते कळव. वाईट असलं तरी कळव.

पप्पा


रविवार, ७ डिसेंबर

निशा,

काल सहा तारखेला दादरला जायला जमलं नाही, गुडघा धरलाय. घरीच बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली. तुझ्या आईच्या फोटोपुढेही लावली. ती तुला दरवर्षी खांद्यावर बसवून चैत्यभूमीला न्यायची आणि गर्दीत तू हरवशील म्हणून मी सगळा वेळ तिच्यावरच ओरडायचो.

आज सकाळी ग्रुपची माणसं जेसल पार्कच्या चौपाटीवर भेटली. मी जाणार नव्हतो. पण धाकू खालीच रिक्षा घेऊन हजर. "चला काका, तुमच्याबिगर मिटिंग न्हाय व्हायची." पंचवीसएक जण होते. दिपेशने फाफडा आणला होता. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून आणलं होतं, 'आमची खरी लेना परत द्या'. ते हातात धरून व्हिडिओ काढायचा आणि चॅनेलला पाठवायचा, असा बेत. मला मधे उभं केलं, सगळ्यात वयस्कर म्हणून.

तिथे एका पोरीने मला मोबाइल दाखवला. "काका, बघा आम्ही काय काय लिहिलंय." त्या स्वातीचा फोटो होता. तिचं जे काही खातं असतं, त्यावरचा. पंचवीस-सव्वीसची असेल, तेल लावून घट्ट वेणी घातलेली. फोटोखाली लोकांनी लिहिलं होतं. बेडकी. नकली. घसा धुऊन ये. एकाने लिहिलं होतं, 'हमारे काका नौ साल से सुन रहे हैं, वो बोले तू नकली है'.

निशा, मी पुठ्ठा खाली ठेवला.

दिपेश म्हणाला, "काका, पानी लाऊँ?"

मी म्हणालो, "हे सगळं पुसून टाका. लेनाला काही झालेलं नाही. तिचं मराठी जी बोलायची ती निशा. निशा कोंडिराम सोनकांबळे. माझी मुलगी. ती बोलत नाहीये, म्हणून दुसरी बोलतेय. एवढंच आहे."

धाकू म्हणाला, "काका, तुमची पोर? आनि तीन वर्सं गप बसलाव?"

"हो."

"मंग खरी लेना कुठं हाय?"

"बदलापूरला," मी म्हणालो.

दोघेतिघे हसले. गिरिजाबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "काका, मग इतके दिवस आमच्याशी कशाला वाद घालत होतात? मुलीला सरळ फोन करायचा."

मी त्यांना सांगितलं की आमचं बोलणं नाही. तिची आई दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती, आणि ही स्टुडिओत होती. आली नाही. म्हणून बोलणं नाही.

गिरिजाबाई म्हणाल्या, "असं कशी करते हो मुलगी?"

मी मान हलवली.

पुठ्ठे आवरले. दिपेशने पोरांना स्वातीच्या फोटोखालचं पुसायला लावलं. जे पुसेनात त्यांना ग्रुपमधून काढलं. फाफडा तसाच राहिला. घरी येऊन हे लिहितोय. डोकं दुखतंय, प्रेशरची गोळी सकाळी घेतली की नाही ते आठवत नाही. पुन्हा घेतली तर दोन होतील, म्हणून घेत नाही.

पप्पा


सोमवार, ८ डिसेंबर

निशा,

कालचं पत्र अजून माझ्याकडेच आहे. ते फाडणार होतो. पण फाडलं तर मी काल काय केलं ते तुला कळणार नाही. म्हणून दोन्ही एकाच पाकिटात टाकतोय.

काल मी मान हलवली. मान हलवायची ही दुसरी वेळ.

तुला सगळं माहीत आहे, पण मला ते माझ्या हाताने लिहिलं पाहिजे. त्या दिवशी सकाळी दहाला डॉक्टरने मला वॉर्डच्या बाहेर बोलावलं. म्हणाला, "जवळच्या माणसांना बोलावून घ्या." मी त्याला विचारलं, "म्हणजे कधीपर्यंत?" तो म्हणाला, "आत्ता." मी व्हरांड्यात बाकावर येऊन बसलो. अकराला तुझा फोन आला. तू म्हणालीस, "पप्पा, निघू का? इथे दोनच सीन राहिलेत, पण मी सोडून येते." मी म्हणालो, "कशाला? आई झोपलीय. बरी आहे. काम उरकून ये."

हे मीच म्हणालो. डॉक्टर सांगून गेल्यावर म्हणालो.

का म्हणालो, याचा विचार मी सहा वर्षं केलाय. तुला 'ये' म्हटलं असतं तर डॉक्टरचं म्हणणं खरं झालं असतं. 'काम उरकून ये' म्हटलं की मला वाटलं आजचा दिवस रोजच्यासारखाच आहे, पोर कामावर गेलीय, संध्याकाळी येईल. तुझ्या आईने मधे एकदा डोळे उघडले आणि विचारलं, "निशू?" मी म्हणालो, "येतेय." अडीच वाजता ती गेली. तू चारला आलीस. हातात डाळिंबं होती.

मग शिवाकाका जालन्याहून आला, बाकीचे आले. "पोटची पोर आणि टीव्हीत बडबड करत बसली," शिवा म्हणाला. तेव्हा मी मान हलवली. तू माझ्याकडे बघितलंस. मी खाली बघितलं. तुझ्या आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तर सगळ्यांसमोर मीच तोंड उघडलं. तुझा आवाज मला पुन्हा ऐकवू नकोस, असं म्हणालो. तू तेव्हा एवढंच बोलू शकली असतीस की पप्पांनीच येऊ नको म्हटलं होतं. भन्तेजी बसले होते, माणसं बसली होती, एका वाक्यात माझी अब्रू गेली असती. तू बोलली नाहीस. पिशवी भरलीस आणि गेलीस.

त्यानंतर शुक्रवारी मी टीव्ही लावला आणि तू बोलायला लागलीस. मी बंद केला. परत लावला.

त्या दिवशीचे ते दोन सीन कुठले, हे मी खूप शोधलं. तुमचं रेकॉर्डिंग आधी होतं आणि दाखवतात दोन-तीन महिन्यांनी, असं तू एकदा आईला सांगितलं होतंस. आई डिसेंबरात गेली, त्या हिशोबाने मी फेब्रुवारी-मार्चचे भाग पुन्हा पुन्हा बघितले. एकात लेना इंजिन दुरुस्त करते आणि ओरिनने काहीतरी चिडवल्यावर खूप हसते. मला वाटतं तोच असावा. नसेलही. पण त्या दिवशी, त्या वेळी, तू बिनघोर हसत होतीस आणि ते माझ्या थापेमुळे, असं मनात आलं की मी तो भाग तिथे थांबवतो.

आज सकाळी मी ग्रुपवर आवाज पाठवला. तीन मिनिटांचा झाला. काल गिरिजाबाईंना जे सांगितलं ते खोटं होतं, खरं असं असं आहे, आणि माझ्या मुलीला कुणी काही बोलायचं नाही, हे सगळं सांगितलं. मग जालन्याला शिवाला फोन केला. तो म्हणाला, "आता कशाला उकरतोस कोंडिबा? सरूवहिनी गेली, सगळं झालं." मी म्हणालो, "तू फक्त ऐक." त्याला सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "मी पोरीला फार बोललो रे." मी म्हणालो, "मी तुला बोलू दिलं."

माफ कर, असं लिहायला मला संकोच वाटतो, कारण तेही मी माझ्यासाठीच मागतोय. तू कशी आहेस एवढं कळव. त्यापलीकडे मला उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. हे खरं लिहितोय.

पप्पा


शनिवार, २७ डिसेंबर

निशा,

तुझं पत्र काल दुपारी आलं. पोस्टमनने खालूनच हाक मारली, "काका, आलं तुमचं!" त्यालाही माझी काळजी लागून राहिली होती. मी चपला न घालता उतरलो.

तेरा ओळी आहेत. मी त्या इतक्या वेळा वाचल्या की घडीवर कागद विरायला लागलाय. नीलेशच्या बायकोने आता प्लास्टिकचं कव्हर दिलंय.

घशात गाठ होती, अठरा डिसेंबरला ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली. साधी निघाली ही ओळ तू पहिलीच लिहिलीस, हे तू फार चांगलं केलंस. मला ओळखतेस. तीन आठवडे एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही, हे मी डॉक्टरला विचारून घेतलं. म्हणजे आपल्या केबिन रोडच्या डॉक्टरला. तो म्हणाला, कुजबुजल्याने घशाला जास्त ताण पडतो. तेव्हा एकटी असताना स्वतःशीही बोलू नकोस. तुला लहानपणापासून ती सवय आहे. पुढे आवाज पहिल्यासारखा होईलच असं नाही, असं तू लिहिलंयस. तुझं पोट त्या आवाजावर आहे आणि मी मात्र नुसता शुक्रवार मोजत होतो.

स्वातीला तूच शिकवलंस, आणि तुझ्या जागी तिला घ्या असं तूच सांगितलंस, हे वाचून मी मान खाली घातली. त्या पोरीने तुझ्यासाठी काम केलं आणि आम्ही चौपाटीवर पुठ्ठे घेऊन उभे राहिलो. मी तिची माफी मागितली आहे. दिपेशने तिला निरोप पाठवण्याची सोय करून दिली. तिने लिहिलं, 'काका, ताईंनी मला सांगितलं होतं की पहिला महिना लोक खातील.' ग्रुपवर आता वेगळंच चाललंय. धाकू म्हणतो, "आयकून आयकून ही बी बरी वाटाया लागली. पन लगीन त्या नव्या डॉक्टरशी न्हाय करायचा." गिरिजाबाईंनी तुला बरं वाटो असं सांगितलंय.

तू लिहिलंस, 'फोनवर तुम्ही काय म्हणालात ते मला पाठ आहे. मी कुणाला सांगितलं नाही, कारण मला वाटलं तुम्ही सांगाल. एक-दोन दिवसांत सांगाल असं वाटलं होतं.'

शेवटी लिहिलंयस, 'रविवारी मी घरी असते. यायचं तर या.' मी येतो. उद्या नाही, उद्या गुडघ्याला पट्टी बांधायची आहे. पुढच्या रविवारी, चार तारखेला येतो. धाकू ठाण्यापर्यंत रिक्षाने सोडतो म्हणालाय, पुढचं मी बघतो. 'यायचं तर या' यात तुझा राग असेल तर तोही चालेल. येऊ नका असं वाटलं तर मावशीकडून कळव, मी वाईट वाटून घेणार नाही. वाटून घेईन, पण तुला सांगणार नाही.

तुझ्यासाठी काय आणू? घशाला आंबट चालत नसेल. तिखट तर नाहीच. मऊ भात चालतो का? तांदूळ आहे ना घरात?

पप्पा


बदलापूर
रविवार, ४ जानेवारी २०२६
(तुझ्या वहीत)

तू वहीत लिहिणार आणि मी तोंडाने बोलणार, हे मला बरं वाटत नाही. मीही लिहितो. दुसरं पेन दे.

वाळलीस.

नाही, रडत नाही. तीन मजले चढून आलो.

हो, जेवलो. नाही, जेवलो नाही. थोडाच वाढ.

तुझं अक्षर आईसारखं झालंय. आधी नव्हतं.

आईचा हा फोटो कधीचा? तू काढलास? एवढी हसलेली मला ती आठवत नाही. मला एक कॉपी काढून दे.

शिवाकाकाचं पत्र आलं का तुला? त्याने मलाही सांगितलं नाही. काय लिहिलंय ते नको सांगूस. तुमचं तुम्हाला.

तू आत्ता जे लिहिलंस ते मला नीट कळलं नाही. परत लिही.

तुला कळलं होतं?

माझ्या आवाजावरून?

मी तर अगदी रोजच्यासारखं बोललो होतो. 'बरी आहे' असं म्हणताना मी घसासुद्धा खाकरला नव्हता.

हो, तुझं कामच आवाजाचं. तुला कळणारच. मग तू लगेच का नाही निघालीस?

थांब. लिहू नकोस. तुला नसेल लिहायचं तर राहू दे.

लिही मग.

वाचलं.

'तुम्ही बरी आहे म्हणालात आणि मला तेच ऐकायचं होतं. मला कळलं होतं पप्पा, तरी मी दोन सीन करत बसले.' हे तू सहा वर्षं एकटीने ठेवलंस? आणि मी सांगेन म्हणून वाट बघितलीस ती स्वतःला सोडवायला नव्हे, तर आपण दोघं मिळून रडू म्हणून?

खोड ते वाक्य. दोष माझा आहे. डॉक्टरने मला सांगितलं होतं, तुला नाही.

खोडत नाहीस?

मी खोडतो. वही इकडे दे.

बरं. राहू दे. राहू दे तसंच. दोघांचं राहू दे.

हात गार पडलेत तुझे. स्वेटर कुठे आहे?

चहा मी करतो. तू बस. डबे कुठले ते बोट दाखव फक्त.

नऊ तारखेला डॉक्टरकडे जाशील तेव्हा मी येतो. बाहेर बाकावर बसेन. आत काय सांगितलं ते जसंच्या तसं मला सांगायचं, बरं असो की नसो. मीही आता तसंच करणार.

आज नका जाऊ म्हणतेस? कपडे आणले नाहीत मी. नीलेशकडे चावी आहे, पण त्याला माहीत नाही की मी राहणार, तो काळजी करेल. तू त्याला फोन करून सांग की पप्पा आज इथेच

नाही, नाही, तू बोलू नकोस! मी करतो. माझा फोन कुठे ठेवलास?